पहिल्यांदाच मुंबईला येताय दोघं? एवढं सांभाळा

दोन दिवसांत अख्खी मुंबई बघायचा हट्ट सोडा. पहिला दिवस फोर्ट-कुलाब्याला द्या, तेवढा भाग पायीच बघून होतो.

नवखे हमखास फसतात ते लोकलमध्ये. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटी या दक्षिण टोकाच्या स्टेशनांकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेला जाऊच नका. इंडिकेटरवर ‘एफ’ दिसलं की फास्ट. ती मधली स्टेशनं गाळते. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, म्हणून आधीचं स्टेशन गेलं की दाराकडे सरका. एक लेडीज डब्यात, एक जनरलमध्ये असाल तर उतरायचं स्टेशन आणि भेटायचा जिना गाडीत चढण्याआधीच ठरवा.

घारापुरी लेणी सोमवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग फार. वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी घ्या, मीटरनेच. बाकीचं पुढच्या खेपेला!