वर्षभराच्या सरकी पेंडीसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न सांगोल्याच्या एका ताईंचा आहे. दुभत्या सहा गाई, रोज 12 किलो सरकी पेंड, बँकेत 2 लाखांची मुदत ठेव. व्यापारी म्हणतो, "वर्षाचे पैसे आत्ता जानेवारीत भरा, पोतं 1,750 नेच दर महिन्याला पोहोच करतो." ठेव मोडावी का?

ताई, मोडू नका.

भावाबद्दल व्यापारी खोटं बोलत नाही. थंडीत जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं, जोरात चालतं, तेल गिरण्यांना सरकी मुबलक मिळते; पावसाळ्यात ती आटत जाते आणि पेंड बहुतेक वेळा चढते. तुम्हाला वर्षाला 50 किलोची 88 पोती लागतील, म्हणजे 1,54,000 रुपये. ठेवीचं 7 टक्क्यांनी व्याज (पैसे सरासरी सहा महिने आधी जातात, म्हणून निम्म्या वर्षाचं) आणि मोडल्याचा दंड धरला तर पोत्यामागे साधारण 85 रुपये बुडतात. वर्षाचा सरासरी भाव 1,835 च्या वर गेला की तुमचा फायदा. तेवढा तो जाऊही शकतो.

माझी काळजी वेगळी आहे. पैसे तुम्ही भरले आणि माल त्याच्याच गोदामात, म्हणजे तुम्ही त्याला बिनतारण उसने दिले. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, त्याच्या पावतीला कसलाच नाही. ऑगस्टमध्ये पोतं 2,100 झालं की "गाडी अडकलीय" सुरू होईल, नाहीतर जुनाट माल येईल. गाई तोवर उपाशी ठेवता येत नाहीत. भाव पडला तर तुम्ही 1,750 ला बांधलेल्या.

मे अखेरपर्यंत पुरतील एवढी 29 पोती रोखीने घ्या आणि आपल्याच गोठ्यात आणा. सुमारे 51,000 लागतील. दुधाच्या बिलातून जमत नसतील तर पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं. 2 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं की व्याज 4 टक्के पडतं. ठेव 7 टक्के मिळवत असताना ती मोडायची कशाला?

पावसाळ्याचा साठा मात्र करू नका. दमट हवेत पेंडीला बुरशी लागते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं. जूनपासून महिन्याचीच घ्या, भाव चढा असला तरी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. उतरवून घेताना एखादं उसवून खडा फोडा. कुबट वास आला तर तिथल्या तिथे परत करा, आणि वजन आपल्या काट्यावर करा.