तूट हळदीची, आळ तुझ्यावर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या गोदामात हळदीचं वजन कमी भरलं आणि तुला तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. आता राजीनाम्यावर किंवा 'नुकसान भरून देतो' अशा कागदावर सही अजिबात करू नकोस. मिटवायच्या घाईत केलेली ती सही उद्या चोरीची कबुली म्हणून पुढे येते.

आजच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पत्र टाक: मी कामावर यायला तयार आहे, काढल्याचं कारण लेखी द्या. नाहीतर 'न सांगता गैरहजर' अशी नोंद होते. त्याच पत्रात नेमक्या तारखांचं सीसीटीव्ही चित्रण, काट्याच्या पावत्या आणि आवक-जावक वही जपून ठेवायची मागणी कर. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं.

तूट कशाची, हे आधी बघ. पोती मोजून पूर्ण आणि वजनच कमी, तर ओल सुकल्याची घट असू शकते. पावसाळ्यात उलट वजन वाढतंही. पोतीच कमी असतील तर प्रश्न वेगळा: किल्ल्या कुणाकुणाकडे होत्या?

आरोपपत्र, साक्षीदारांची उलटतपासणी आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय चोरीचा ठपका ठेवून काढणं टिकणं अवघड. मात्र पोलिसांना काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. मालकाने केलेल्या खात्यांतर्गत चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. मोठ्या आस्थापनेत निलंबित केलं तर पहिले 90 दिवस निम्मा पगार मिळायला हवा. काढलंच, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. दाद कामगार आयुक्त कार्यालयात माग. दोन वर्षांची मुदत असली तरी थांबू नकोस, साक्षीदार पांगतात.

बदनामीचं प्रकरण वेगळं. फक्त तुला चोर म्हटलं तर ती बदनामी नव्हे, तिसऱ्याच्या कानावर जावं लागतं. पोलिसांत सद्हेतूने केलेल्या तक्रारीला कायदा संरक्षण देतो. पण व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझा फोटो टाकून चोर ठरवलं असेल, तर तो संदेश नंबर, तारीख, वेळेसह जप आणि तो फोन विकू नकोस. भरपाईच्या दाव्याला मुदत एकच वर्ष. फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, तीन वर्षांच्या आत.

माझं मत विचारशील तर आधी नोकरीचा वाद लाव, सोबत वकिलाची नोटीस दे. आणि ग्रुपवर रागाने उत्तर लिहू नकोस. मालकालाच चोर म्हटलंस तर तेच कलम तुझ्यावर लागेल.

तुझा हितचिंतक