चौथ्यातून तिसरा का पडत नाही

भावा, तू विचारलंयस की सहाचाकी ट्रक लोड असला की घाट उतरताना चौथ्यातून तिसरा टाकायला जातोस तर खर्र वाजतं, लिव्हर न्यूट्रललाच राहतो आणि गाडी पळायला लागते. गिअरबॉक्स खोलायचा का? नको. सपाटीला सगळे गिअर बिनआवाज पडतात असं तूच लिहिलंयस, म्हणजे बॉक्स ठीक आहे. तू गिअर उशिरा टाकतोयस, आणि उतारावर तो उशीर जिवावर बेततो.

आत काय होतं ते समजून घे. चौथ्यात इंजिन १५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे, फिरत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात ते साधारण दीडपट, म्हणजे २२०० च्या पुढे फिरायला लागतं. तू क्लच दाबून न्यूट्रल केलंस की गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट मंदावतो, आणि त्याच वेळी चाकं उतारामुळे वेग घेतात. दोन्हींतला फरक दर सेकंदाला वाढत जातो. सिंक्रो म्हणजे वेग जुळवून गिअर बसवणारा भाग, त्याची पितळी रिंग तो फरक थोडासा भरून काढते, पण दहा-बारा टन माल मागून ढकलत असताना तिच्याकडून किती होणार? लिव्हर जोरात दाबलास तर रिंगच झिजेल.

मी नवीन असताना इगतपुरी सोडून कसारा घाटात शिरलो, गाडीत कांदा, आणि चौथ्यातच. दुसऱ्या वळणाआधी तिसरा टाकायला गेलो, पडला नाही. परत चौथाही घेईना. क्लीनर दरवाजा धरून बसला होता. त्या वेळी मी एकच गोष्ट बरोबर केली: ब्रेक सारखा पंप न करता एकदा घट्ट दाबून धरला. वेग पार खाली आल्यावर न्यूट्रलला क्लच सोडला, ॲक्सिलरेटर मारून इंजिन वर नेलं, पुन्हा क्लच दाबला आणि तिसरा पडला. याला जुने लोक डबल क्लच म्हणतात. आजच्या गाड्यांना रोज लागत नाही, पण हाताला येत असलाच पाहिजे. पुढे गाडी कडेला घेतली तर ब्रेकच्या लायनरचा (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचा) जळका वास केबिनपर्यंत येत होता. अशा वेळी चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतू नकोस, तडे जातात. चाकाखाली लाकडाचा ठोकळा लाव आणि आपोआप गार होऊ दे.

म्हणून गिअर घाटाच्या वर, सपाटीलाच ठरव. लोड गाडी ज्या गिअरमध्ये तो घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरव, शंका वाटली तर आणखी एक खाली. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनलाच गाडी रोखायला लावणारा ब्रेक, चालू ठेव. आरपीएमचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरव आणि पूर्ण सोड. पाय सतत हलका ठेवून उतरलास तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर लायनर पकड सोडतात.

चढाला उलट आहे. तिथे क्लच दाबताच गाडीचा वेग मरतो, त्यामुळे इंजिन थरथरायची वाट बघू नकोस. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आला की लगेच खालचा टाक. चढ खडा असेल तर चौथ्यातून सरळ दुसरा चालतो.

न्यूट्रलबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घाटासारखा दिसतही नाही, आणि तिथे किती गाड्यांचे ब्रेक गेलेत ते तुला माहीत आहे. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल मारायला कुणी शिकवलं असेल तर ते विसर. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय उचललास की पंप डिझेल बंदच करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलवर चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. इंजिनच बंद केलंस तर ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. शेठ डिझेलवरून बोलला तर बोलू दे.

सराव रिकाम्या गाडीवर, मोकळ्या सपाट रस्त्यावर कर. चौथ्यात ताशी ३० च्या आसपास धर, क्लीनरला आरपीएम मोठ्याने वाचायला सांग आणि तिसरा टाकल्यावर काटा कुठे जातो ते बघ. दहा-वीस वेळा केलंस की इंजिनच्या आवाजावरूनच कळेल, काट्याकडे बघावं लागणार नाही. आणि कधी सपाटीलाही खर्र वाजायला लागलं, तर क्लच पूर्ण सुटत नसेल. आधी पेडलचा प्ले (क्लच लागण्याआधी पेडल मोकळं किती हलतं ते) आणि क्लचचं ऑइल तपासून घे, गिअरबॉक्स त्यानंतर.