किडनी प्रत्यारोपणानंतर सोनोग्राफीत ‘लिम्फोसील’ आलं, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय का?

नाही, घाबरू नका. लिम्फोसील म्हणजे नव्या किडनीभोवती साचलेला लसिका द्रव (लिम्फ, शरीरातल्या बारीक वाहिन्यांतून वाहणारा पाण्यासारखा द्रव). किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या करताना त्यांच्याभोवतीच्या बारीक लसिकावाहिन्या कापल्या जातात. त्या नीट बांधल्या गेल्या नाहीत, तर द्रव झिरपत राहतो. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसतं, कधी काही महिन्यांनीही.

लहान असेल तर बहुतेक वेळा आपोआप जिरतं, फक्त सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. मोठं झालं की मात्र दाब पडतो: मूत्रनलिकेवर पडला तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) चढतं, शिरेवर पडला तर त्याच बाजूचा पाय सुजतो. पायाची ही सूज अंगावर काढू नका, शिरेत गुठळीही असू शकते. ताप आला तरी लगेच दाखवा.

शंका असल्यास सुईने थोडा द्रव काढून त्यातलं क्रिएटिनिन तपासतात. रक्ताएवढंच निघालं तर लसिका, कितीतरी पट जास्त निघालं तर लघवीची गळती, आणि मग उपचार वेगळे. नुसतं सुईने काढलेलं पाणी बऱ्याचदा पुन्हा भरतं. म्हणून काही दिवस नळी ठेवतात, किंवा दुर्बिणीने पोटाच्या पोकळीत वाट करून देतात, तिथे ते शोषलं जातं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं स्वतःहून बंद करू नका, खरा धोका त्यात आहे.