पुंगळीची मान आवळावी की सगळी पुंगळी?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कोलोराडोला असतो आणि .३०८ विंचेस्टरच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीची काडतुसे स्वतः भरतो. त्याचा एक मित्र वापरलेल्या पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) फक्त मान, म्हणजे गोळी धरणारे अरुंद तोंड, आवळतो, दुसरा सगळी पुंगळी डायमधून, म्हणजे आवळणाऱ्या साच्यातून, काढतो. भाच्याने कोणती पद्धत धरावी? माझी मुलगी इथे .२२ रायफलने सराव करते. तिची काडतुसे अशी भरता येतील का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : मुलीसाठी हा विचार सोडून द्यावा. .२२च्या पुंगळीत ठिणगीचे मिश्रण कडेच्या घडीतच भरलेले असते, त्यामुळे ती पुन्हा भरण्याजोगी नसते. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

आता भाच्याविषयी. बार उडताच पितळ फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) भिंतींना टेकते आणि दाब ओसरल्यावर किंचितच आकसते, म्हणजे पुंगळी त्याच रायफलीच्या मापाची होते. हे माप मोडू नये म्हणून फक्त मान आवळणारे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु काही वापरांनंतर पुंगळीचे अंग व खांदा (मानेखालचा उतार) चेंबरमध्ये घट्ट बसू लागतात, चेंबर बंद करणारा बोल्ट पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा अडतो आणि शेवटी सगळी पुंगळी आवळावीच लागते. म्हणून मी पहिल्यापासून पूर्ण आवळण्याच्याच बाजूचा आहे, मात्र मोजमाप करून.

डाय शेलहोल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या पकडीला) टेकेपर्यंत खाली फिरवण्याची सर्रास सवय मला पसंत नाही, कारण त्यामुळे खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जाऊ शकतो. भाच्याने त्याच रायफलीत उडालेल्या पुंगळीची बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावलेल्या व्हर्नियरने मोजावी आणि डाय थोडी थोडी खाली घेत खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे सरकेल तिथे पक्की करावी. स्वयंचलित भरणाऱ्या रायफलीला याहून अधिक मोकळीक लागते. वंगण पातळ लावावे; ते कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अडकते, जास्त झाले तर खांद्यावर पोचे पडतात.

खांदा वारंवार फार मागे ढकलला, तर प्रत्येक बाराला पितळ बुडाजवळ ताणले जाऊन पातळ होते. बुडाच्या किंचित वर चकचकीत वलय दिसले, किंवा टोक वाकवलेली तार आतून फिरवताना तिथे खाच लागली, तर ती पुंगळी वरून कितीही धडधाकट दिसली तरी पुन्हा भरू नये.