तुझ्या घरचं पहिलं बाळंतपण

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

सूनबाईला सातवा लागला आणि तारीख दिवाळीच्या पुढची निघाली, हे कळलं. काय काय आणून ठेवू, असं तू मला, तुझ्या अंगणवाडीच्या बाईला, विचारलंस. आणायचं फारसं काही नाही. थोरलीची झबली-टोपडी पेटीत असतील, ती धुऊन उन्हात घाल. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे विसरू नकोस. तू बारशाला गेलास, पेढे वाटलेस आणि पुढे तयार लेकरू घरी आणलंस. मूल दुसरं असलं, तरी तुझ्या घरचं हे पहिलंच बाळंतपण. रात्रीची जागरणं, ओली दुपटी, बाळंतिणीचं खाणंपिणं, यातलं तुझ्या वाट्याला अजून काही आलेलं नाही.

आधीचं सिझर आहे, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रावर विसंबू नकोस. ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात आत्ताच दाखवून ठेव. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, सगळं मोफत असतं. 102 ची गाडीही फुकट. सिकलसेलची तपासणी दोघांची झाली आहे ना? आपल्या विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बराच आहे. आईबाप दोघंही वाहक असतील, तर दर खेपेला बाळाला तो होण्याचा चारात एक असा धोका असतो. थोरली ठणठणीत आहे, म्हणून दुसऱ्याची काळजी मिटत नाही.

आता थोरलीचं. माझ्या मते खरी तयारी तिचीच आहे. तीन वर्षांची पोर, आईच्या कुशीत झोपते, आईच्याच हातचं खाते. पुन्हा सिझर झालं, तर पुढचे सहा आठवडे सूनबाईला तिला उचलता येणार नाही. ते तेव्हा समजावून काही होत नाही. म्हणून आजपासून तिची आंघोळ तू घाल. वेणी वाकडी आली तरी तूच घाल. रात्री तिला आजीजवळ झोपव. चार-आठ दिवस रडेल, रडू दे. आत्ता सवय मोडली तर तो राग कुणावरच बसत नाही. बाळ आल्यावर आईजवळून उठवलीस, तर तो बाळावर बसेल. आई खाली बसली की मांडीवर आपलं आपण चढायचं, हेही तिला आत्ताच शिकव. अंगणवाडीत घालायची असेल तर याच महिन्यात घाल. ऐन वेळी मामाच्या गावी मात्र धाडू नकोस. परत येऊन पाहते तर आपल्या जागी दुसरंच कुणी, असं तिला होईल.

बाळ कधी येणार, हे तिला महिन्यांत सांगून कळायचं नाही. सोयाबीन निघेल, दिवे लागतील, मग बाळ येईल, असं सांग.

ओसरीवर बसणाऱ्या बायकांना मात्र आवर. “आता तुले कोन घेईन वं? तुही माय तं बाळाची झाली!” हसतहसत म्हणतात, पण लेकराला ती थट्टा कळत नाही. मी अंगणवाडीत अशी पोरं पाहिलीत, दिवसभर दाराकडे डोळे लावून बसायची. आणि “भाऊ पाह्यजे ना?” हा प्रश्न तर घरात बंदच कर. बहीण आली तर त्या पोरीला वाटेल, आपलंच मागणं चुकलं. तुझ्या आईला सांग, सरकारच्या मातृवंदना योजनेत दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच 6,000 रुपये मिळतात, मुलाला नाही. पात्र असाल तर आशाताई अर्ज भरून देईल.

दवाखान्यात थोरली पहिल्यांदा भेटायला येईल, तेव्हा आईचे हात मोकळे असू देत. बाळ आजीकडे दे. थोरली आईला बिलगू दे, मग तिनेच बाळ मागावं. नाही मागितलं तर तेही ठीक. घरी आल्यावर ती पुन्हा अंथरूण ओलं करील, बोबडं बोलेल, अंगावर प्यायला मागेल. कुणी तिला “मोठी झाली ना आता!” म्हणून रागावू नका. काही आठवड्यांत ओसरतं.

आशाताई 42 व्या दिवसापर्यंत ठरल्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन, ताप पाहते. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घालून दिली, 1999 साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, मग देशाने उचललं. आपल्याच भागातली गोष्ट आहे, तेव्हा “विटाळ आहे, नंतर ये” म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. पहिलं चिकाचं दूध बाळालाच, मध-घुटी काही नको. यावर तुझी आई वाद घालेल. तू मध्ये पडू नकोस, आशाताईलाच बोलू दे.

राहिला तू. तेव्हा कापूस वेचणीला आलेला असेल, हरभऱ्याचं ओलित सुरू असेल आणि विजेची लाईन आली रात्रीची, की तू वावरात. तेवढ्या रात्रींपुरती भावाशी किंवा शेजाऱ्याशी कामाची अदलाबदल ठरवून घे, तीही आत्ताच. मजुरीच्या पैशांतून थोडे दवाखान्यासाठी वेगळे काढ आणि ते कुठे ठेवलेत हे सूनबाईला माहीत असू दे. आणि आईला एकदा नीट विचार, रात्री तिला कितीदा उठणं झेपेल. तिच्या गुडघ्यांचं तुला माहीत आहेच. जे झेपणार नाही ते तुझ्याकडे.

तुझी,
अंगणवाडीची बाई