मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा मेडिची घराण्याने करवून घेतला होता का?

नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सवर वर्चस्व गाजवणाऱ्या मेडिची घराण्याला १४९४ मध्येच शहरातून हाकलण्यात आले होते आणि १५०१ साली या पुतळ्याचा करार झाला तेव्हा शहरात प्रजासत्ताक होते. काम दिले ते कॅथेड्रलच्या बांधकाम-मंडळाने आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या लोकर व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (गिल्डने). म्हणजे आश्रयदाता एखादा सरदार नव्हता, तर व्यापाऱ्यांची संघटना होती, आणि माझ्या मते या पुतळ्याची खरी गंमत तीच आहे.

संगमरवरही नवा नव्हता. काराराच्या खाणीतून आणलेल्या त्या प्रचंड शिळेवर १४६४ मध्ये शिल्पकार अगोस्तिनो दी दुच्चोने काम सुरू करून सोडून दिले होते, पुढे रोसेलिनोनेही ते तडीस नेले नाही, आणि अर्धवट घडवलेली, जाडीला कमी असलेली ती शिळा वर्षानुवर्षे मंडळाच्या आवारात पडून राहिली. दगडावर आधीच पैसा खर्च झालेला असल्याने मंडळाने दरमहा ६ फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) मानधनावर, दोन वर्षांच्या मुदतीत, पंचविशीतल्या मायकेलअँजेलोवर ती सोपवली.

पुतळा मुळात कॅथेड्रलच्या उंच भागासाठी योजलेला होता. परंतु जानेवारी १५०४ मध्ये लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली यांच्यासारखे कलावंत ज्यात होते, अशा सभेत जागेवर बराच खल झाला आणि अखेर तो शासनाच्या प्रासादाच्या दाराशी, शिल्पकार दोनातेल्लोची ‘जुडिथ’ ही मूर्ती हलवून, उभा केला गेला. ही ‘जुडिथ’ मात्र मेडिचींच्या वाड्यातूनच जप्त करून आणलेली होती.